चव वहिनीची, पगार उस्तादाचा

बस स्टँडसमोरच्या त्या हॉटेलात तिला सगळेच वहिनी म्हणत, अगदी मालकसुद्धा. खरं नातं एकाशीच होतं. मुख्य आचारी तिचा धाकटा दीर. त्याला सगळे उस्ताद म्हणत. नवरा गेल्यावर त्यानंच तिला तिथं मोरीवर भांडी घासायला लावलं. राहायला त्याच्याच घरी, स्वयंपाकघरात पडद्याआड. त्या पडद्यामागून निघून स्वतःची एक खोली घ्यावी, याखेरीज तिला काही नको होतं. भांड्यांच्या पगारात खोली बसत नव्हती. आचाऱ्याच्या पगारात दोन बसल्या असत्या.

मग उस्तादाला ताप आला. ताप उतरला, तो तोंडाची चव घेऊनच. मीठ आणि माती त्याला सारखीच. ही गोष्ट घरातल्या दोन बायकांनाच कळली, आणि त्यातली एक मोरीवर बसत होती. तेव्हापासून खरकट्या ताटांबरोबर एक भरलेली वाटीही मोरीवर येऊ लागली. वहिनी पाठ फिरवून चाखायची. पातेलं एकदा आपटलं की मीठ कमी, दोनदा आपटलं की तिखट जास्त, नुसता घासण्याचा आवाज आला की सगळं बेतशीर. गिऱ्हाईक बोटं चाटत जायचं. आसपासच्या दोन हॉटेलांनी उस्तादाला बोलावणं धाडलं, तसा मालकांनी त्याचा पगार दोनदा वाढवला.

दुसऱ्या वाढीला तिनं विषय काढला. "भावजी, यातलं थोडं मला द्या. मी वेगळी राहीन, तुमचीही अडचण जाईल."

"वाटी चाटायचे पैसे मांजर तरी मागतं का, वहिनी?"

हा विनोद त्यानं घरी बायकोलाही सांगितला. जाऊ इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढच्याच आठवड्यात कुठल्याशा कारखान्याच्या साहेबांची मेजवानी होती. रश्श्याची वाटी मोरीवर आली. त्यात मिठाचा कण नव्हता. गडबडीत उस्ताद विसरला होता. वहिनीनं वाटी संपवली, धुतली, आणि परात घासायला घेतली. चांगली जोर लावून घासली. उस्तादानं मान डोलावली आणि पातेली बाहेर गेली.

थोड्या वेळानं मालक आत आले. "चाख," म्हणाले.

उस्तादानं चाखलं. "फक्कड झालंय."

यापुढे कुणी काही सांगायची गरज नव्हती. तरी वहिनी हात पुसत पुढे झाली. "मालक, गेली दोन वर्षं चव माझी आहे."

"मग आज काय झालं?"

"आज मला विचारलं नाही."

उस्तादाची नजर मोरीवरच्या धुतलेल्या वाटीकडे गेली. मालकांनी तिला चार वाट्या चाखायला लावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तिला चुलीवर आणि त्याला मोरीवर बसवलं. मात्र यातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये, असं सगळ्यांना बजावलं. गिऱ्हाईक उस्तादाच्या नावावर येत होतं.

पगाराच्या दिवशी पाकीट उघडून ती मालकांसमोर उभी राहिली. "हे भांड्यांचे आहेत."

"वर थोडे घातलेत की. नीट बघा."

"भावजींना तिप्पट मिळत होते. चव तीच आहे."

"चवीचे कुणाला मिळतात, वहिनी? त्याला दोन हॉटेलं ओढत होती, म्हणून द्यावे लागले. मला काय हौस होती? तुम्हाला कोण ओढतंय?"

"मी जाईन पलीकडे."

"जा ना. विचारतील, आजवर काय करत होता? काय सांगाल?"

वहिनीनं पाकीट मिटलं.

"भांडी," मालकांनीच उत्तर दिलं. "बाई चुलीवर बसली की स्वस्तात बसते, हे त्यांनाही कळतं. उस्तादाची चव तुमची होती म्हणालात, तर खुद्द उस्तादाला घेऊन जा. त्याचा शब्द मानतील."

उस्ताद मोरीवर तिचीच पातेली घासत होता. बाप्या माणूस म्हणून भांड्यांसाठीही त्याला तिच्या नव्या पगाराइतकेच धरले होते. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"भावजी, पलीकडच्या मालकांना एक शब्द सांगा. चव माझी होती, एवढंच."

उस्तादानं हातातलं पातेलं धुऊन पालथं घातलं, दुसरं ओढलं. त्याला घाई नव्हती.

"मी कसं सांगणार, वहिनी?" तो म्हणाला. "मला चव कुठं कळते?"