उजव्या हाताचा हट्ट

त्या चैत्रात आईने केसांत माळायच्या सुरंगीच्या वळेसराकडे हात नेला आणि तिची बोटे वळेसराच्या चार अंगुळे पलीकडे, नुसत्या वासावर मिटली. ती हसली. पुन्हा हात नेला, तो ताटलीच्या काठावर आपटला. फुले तिला दिसत नव्हती असे नव्हे. दोऱ्यातली तिसरी कळी काळवंडली आहे, हे तिनेच मला दाखवले होते.

त्याच्या आठ दिवस आधी तिला ओटीवर घेरी आली होती आणि दुपारपर्यंत तिचे शब्द अडखळत होते. आमच्या घराने तिला कोकम सरबत पाजले आणि ती घेरी उन्हाच्या नावावर खपवली.

वडील मुंबईला नोकरीत, म्हणून रत्नागिरीच्या घराचा कारभार धाकट्या काकांकडे. ज्यांनी जन्मात स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, त्यांना इतरांच्या हातांविषयी फार कळत असे.

“मोतीबिंदू तो, वहिनी,” त्यांनी सुपारी कातरता कातरता निदान केले. “आता स्वयंपाकघर पुरे. माहेरी मुरुडला जाऊन स्वस्थ राहा.”

विश्रांतीचा हा शब्द किती मऊ, आणि त्याच्या पोटात केवढी हद्दपारी! चूल हेच आईचे त्या घरातले एकमेव राज्य होते. काकांनी तिची ट्रंक माळ्यावरून काढून ओटीवर आणूनही ठेवली.

डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे आईने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, आणि कुणी विचारले नसताना तळाशी बारीक अक्षरांत छापलेले छापखान्याचे नावही वाचले. तरी डॉक्टरांनी चष्मा दिलाच. त्यामुळे जे उचलता येत नव्हते, ते तिला अधिक स्वच्छ दिसू लागले.

मग काकांनी दुसरे निदान काढले. “मन थाऱ्यावर नाही वहिनीचं. दादा मुंबईला ना!” आणि स्वतःच्याच विनोदावर ते खोकला येईतो हसले.

मी तेव्हा कॉलेजात कविता शिकत होते. पाहण्याची सवय एवढीच काय ती माझी मिळकत. मला दिसले ते असे: डोळे मिटून, गुणगुणत, आई उजव्या हाताने कानातल्या कुडीची फिरकी अचूक काढी. तोच हात डोळे उघडून फडताळातल्या वाटीकडे निघाला की वाट चुके. वाटी उजवीकडे असली तर हमखास. हात लुळा नव्हता, डोळा आंधळा नव्हता. मग चुकत होते कोण?

सरकारी इस्पितळात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी हाच प्रश्न विचारला. आईला त्यांनी आपल्या नाकाकडे पाहायला सांगितले आणि पेन्सिल तिच्या उजवीकडे धरली. उजवा हात हवेत चाचपडत राहिला.

“आता डाव्यानं घ्या.”

“डावा कशाला?” काका खुर्चीवरून म्हणाले. “आमच्यात डाव्या हातानं देत-घेत नाहीत.”

“तुम्हाला कोणी काही देत नाहीये,” बाई म्हणाल्या.

डाव्या हाताने आईने पेन्सिल पहिल्या झटक्यात घेतली. घेतली, आणि चोरी केल्यासारखी काकांकडे पाहू लागली.

“डोळे बरे, हातही बरा,” बाईंनी तिला सांगितले. “डोळ्यांनी पाहिलेलं उजव्या हाताला कळवणारा मेंदूचा भाग दुखावलाय. ती घेरी उन्हाची नव्हती.” त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि रीत शिकवली. वस्तूकडे आधी सबंध तोंड वळवायचे, मग हात उचलायचा. डाव्याने वस्तू धरायची आणि उजवा त्याच्या आधाराने सरकवत न्यायचा. भांड्यांच्या जागा बदलायच्या नाहीत. विळी आणि विस्तव डाव्याच्या ताब्यात.

दोन आठवडे आम्ही मायलेकींनी सराव केला. पितळेचा थंड काठ, लाकडी मुठीचा खरखरीतपणा: डाव्या हाताने ओळख करून द्यावी आणि उजव्याने मान्य करावी. आईची आमटी पुन्हा उकळू लागली.

आणि एका दुपारी ती वाढायला उभी राहिली. डाव्या हातात डाव, डावात वाफाळते नव्हे पण चांगले कोमट कोकमाचे सार.

काकांनी पानावर आडवा हात धरला. “डाव्या हातानं वाढलेलं मी जेवणार नाही. उजव्यानं वाढायचं, नाहीतर ट्रंक भरायची.”

आईने त्यांच्याकडे पाहिले. “बरं, भाऊजी.”

तिने डाव उजव्या हातात घेतला आणि अगदी आज्ञाधारकपणे, वाटीचा नेम धरून, सगळे सार काकांच्या शुभ्र धोतरावर ओतले. लाल, आंबट, खोबऱ्याचा सुवास असलेले. धर्मरक्षणाचा एवढा सुंदर रंग मी नंतर कधी पाहिला नाही.

काका उठले, धोतर बदलून आले, पानावर बसले. पानातले मीठ त्यांनी बोटाने नीट सारखे केले.

“भात,” ते म्हणाले.

आईने डाव्या हाताने वाढला. ते जेवले, पुढे वर्षानुवर्षे जेवले, आणि डाव्या-उजव्याच्या शास्त्राचे नाव पुन्हा काढले नाही.

उष्टी काढताना आई मला म्हणाली, “ती ट्रंक माळ्यावर टाक गो.” आणि माझे लक्ष खिडकीबाहेर आहे, हे पाहून पुढे म्हणाली, “आधी तोंड वळव तिच्याकडे. मग हात लाव.”