लाल टॅग

भिलाईला आमच्या हुडको कॉलनीतल्या घरी एकदा लॅपटॉप सुरू होईना. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक ओळ यायची आणि तो तिथेच अडून बसायचा. बाबा स्टील प्लांटच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेले. त्यांनी प्लग काढला, लॅपटॉपला सुतळीने लाल टॅग बांधला आणि बजावलं, ‘ज्यानं लावला त्यानंच काढाचा. कोणी हात नाही लावाचा.’ मग जेवून ते झोपले. प्लांटमध्ये दुरुस्तीतलं यंत्र कोणी चालू करू नये म्हणून असा टॅग लावतात; या नियमावर माणसांचा जीव अवलंबून असतो. इथे फक्त माझं काम अडलं होतं.

मी चिडून टॅग सोडला. बाजूला माझाच पेनड्राइव्ह खोचलेला होता. तो काढला आणि लॅपटॉप सुरळीत सुरू झाला. मग काय वाटलं कोण जाणे, मी तो बंद केला, पेनड्राइव्ह परत खोचला आणि टॅग होता तसा बांधून ठेवला.

चार वाजता बाबा उठले. टॅग सोडायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी जोडलेल्या वस्तू एकेक करून काढल्या आणि लॅपटॉप सुरू झाला.

‘जमलं की तुमाले,’ मी म्हणालो.

ते सुतळी बोटाभोवती गुंडाळत होते.

‘ही गाठ माही नव्हती,’ ते म्हणाले.