शेवट न बघितलेले सिनेमे

नांदेडच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेर, माझ्या शेजारी एक म्हातारे चाचा बसायचे. आत माझा भाऊ होता, त्यांची बायको होती. चाचा मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाईट सिनेमे बघायचे. मला म्हणायचे, "ह्यो बघाच, लई चांगला हाय." शेवट जवळ आला की मात्र मोबाईल बंद.

"शेवट बघत नाही?" मी विचारलं.

"लातूरला टॉकीजमधी डोअरकीपर होतो. शेवटाला दारं उघडायला उठावं लागायचं. एकाचाबी शेवट बघितला न्हाई. आता बघू वाटत न्हाई."

चौथ्या दिवशी नर्स बाहेर आली. "शेवटचं बघून घ्या," म्हणाली. चाचा उठले. आईला भेटायला आलेल्या लेकींसाठी दार उघडून धरलं. लेकी आत गेल्या, तरी ते दार धरून बाहेरच उभे राहिले.