नवसागर, इटलीचा आणि पौडचा

माझी धाकटी जाऊ इटलीहून आली तेव्हा तिने मला चॉकलेटं दिली, सासूबाईंना शाल दिली आणि माझ्या मुलीला काचेच्या डबीत एक खडा दिला. पांढरा, थोडा पिवळट, पिसासारख्या बारीक तंतूंचा. ज्वालामुखीच्या तोंडाशी सापडतो, म्हणाली, आणि फार दुर्मीळ. मुलीने ती डबी अशी जपून धरली, की ती जन्मली तेव्हा मीही तिला तसं धरलं नसेल. मी जळले. खोटं कशाला सांगू?

जाऊ नागपूरकडची, आयटीतली. दिराबरोबर शहरालगत जांब्याला फ्लॅटमध्ये राहते. आम्ही कासार आंबोलीत, घरची थोडी शेती आणि शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्यांना जेवणाचे डबे. ती आली की माझी पोरगी माझी राहत नाही. एरवी "हाय", "न्हाई" करणारी पोर काकूसमोर "आहे", "नाही" बोलायला लागते, तेही मान वाकडी करून. त्यात दहावीचा निकाल लागलेला. जाऊ म्हणाली, "ताई, अकरावी-बारावीला तिला आमच्याकडे राहू द्या ना. कॉलेज जवळ आहे, एक रूम रिकामीच असते." सासूबाई व्हय म्हणाल्या, नवरा व्हय म्हणाला. पोरीने अजून काही सांगितलं नव्हतं आणि त्या 'अजून'वर माझा जीव टांगलेला होता.

त्यानंतर घरात त्या खड्याशिवाय दुसरा विषयच नाही. "आई, ह्यो वितळतच न्हाई बघ. तापवला की थेट वाफ. आन् ती वाफ गार दगडाला लागली की परत खडा!" काकू असं म्हणते, काकूने तसं सांगितलं. मी भाकरी जरा जोरातच थापत होते. नवरा म्हणाला, "किती जळतीस गं?"

"जळत न्हाई, सैपाक करतीया," मी म्हटलं.

मग एकदा पोरीने त्या खड्याचं रासायनिक नाव सांगितलं. अमोनियम क्लोराईड. माझा हात परातीतच थांबला. पौडला माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. कल्हईवाले तिथून कथील न्यायचे आणि सोबत नवसागर. नवसागराच्या पोत्यावर हेच नाव छापलेलं असायचं. तापलेल्या पितळेच्या पातेल्यात चिमूटभर टाकला की पांढरा धूर उठायचा, नाक झोंबायचं आणि कथील सरसर पसरायचं. त्याला वितळताना कुणी पाहिलं नाही. लहानपणी आम्ही तो चोरून चाटायचो, खारट आणि जिभेला गार. म्हणजे इटलीचं एवढं कौतुक चाललेलं, आणि मी माहेरून आणलेला नवसागराचा डबा इथं फडताळात पडून!

मी लगेच बोलले नाही. असलं सुख घाईने खायचं नसतं. रविवारी जाऊ येणार होती, तिच्या तोंडावरच सांगायचं ठरवलं.

पण त्याआधीच सासूबाईंनी घोळ घातला. खडा चमकतो म्हणजे स्फटिक, आणि स्फटिक म्हणजे महादेवाचं काहीतरी, असा त्यांचा सरळ विचार. सकाळी देव धुवायला बसल्या तेव्हा त्यांनी डबीतला खडाही ताम्हनात ठेवला आणि पळीत पाणी घेतलं. मी ओरडले, "आत्याबाई, थांबा!" आणि खडा हिसकावून घेतला. त्याचा एक कोपरा माझ्या मुठीत मोडला. नेमकी तेव्हाच मुलगी दारात आली. तिला दिसली फक्त माझी मूठ आणि त्यातला चुरा.

"काकूचं कायच बघवत न्हाई तुला," ती म्हणाली. "मुद्दाम तोडलास."

त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं, दुसरं नाही. मी सरळ फडताळातून डबा काढला. स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन ती तिच्या हातात दिली आणि त्यात मूठभर नवसागर टाकला. ढवळ, म्हटलं. ती रागारागाने ढवळत राहिली. खडे दिसेनासे होत गेले आणि वाटी बर्फाच्या पाण्यासारखी गार पडली. तिने ती दोन्ही हातांत घट्ट धरली.

"तुज्या खड्याचं हेच झालं असतं," मी म्हटलं. "म्हणून तर दुर्मीळ हाय त्यो. पाणी लागलं की संपला. आपल्या मुळशीत एक पावसाळा टिकला नसता."

"आगं बया," सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी म्या महादेव इरगाळला आसता की!"

मुलीला हसू आलं, पण ते दाबून तिने विचारलं, "तुला ठावं हुतं, मग बोलली का न्हाईस?" जाऊची जिरवायला राखून ठेवलं होतं, हे पोटच्या पोरीला कसं सांगणार? मी देवघरासमोरचं पाणी पुसायला घेतलं.

तिने लगेच काकूला फोन लावला, स्पीकरवर. "काकू, ह्यो तर नवसागर! आईकडं डबाभर हाय!" मी कान टवकारले. काकूशी बोलताना 'हाय' म्हणाली होती.

जाऊ हसली. "हो गं, पण तो फॅक्टरीत बनतो. हा नॅचरल आहे. फरक आहे ना."

"पण वाटी गार पडती, ते तू कुटं सांगितलंस?"

"ते मलाही नव्हतं माहीत," जाऊ म्हणाली. ते वाक्य मी पुढे कितीतरी दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

तरी जूनमध्ये मुलगी जांब्याला गेली. तिचं तिनेच ठरवलं. मी अडवलं असतं तर राहिली असती, पण कल्हई उडालेल्या भांड्यातल्या ताकासारखं ते राहणं कळकून बिघडलं असतं. जाताना तिने आमच्या डब्यातले चार खडे पुडीत बांधून घेतले, काकूच्या शोकेसमध्ये ठेवायला. काचेची डबी माझ्या हातात दिली. "हितंच राहू दे. पाण्यापासनं तूच सांबाळशील." मी झाकणाला मेण लावलं आणि डबी तांदळाच्या पिंपात पुरून ठेवली. आता माझा नवसागर जाऊच्या शोकेसमध्ये बसणार, जळू दे तिला, असं मनात म्हणून घेतलं. पण खडा माझ्याकडे राहिला होता आणि पोरगी तिच्याकडे.

परवा तिचा फोन आला. जेवण, कॉलेज, सगळं बोलून झालं आणि ठेवता ठेवता तिने विचारलं, "आई, खडा नीट आहे ना?"

"हाय," मी म्हटलं.