बाळाला हात लावायचा नाही

"हात काढा आधी!" मी त्या आईवर ओरडलेच. एनआयसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या आयसीयूत, डॉक्टर म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं, पण आवाज काही मऊ झाला नाही.

वैशाली पारशिवनीकडची, पहिलटकरीण. टाके ओले असताना व्हीलचेअरवर बसून बाळाला बघायला आली होती. तिनं पायाच्या अंगठ्याला नुसतं बोट लावलं आणि मॉनिटरवरचा ऑक्सिजन धाडकन उतरला.

"काहून मॅडम? माह्यंच लेकरू आहे ना?"

मग समजावलं. पोटात बाळाच्या फुप्फुसांना काम नसतं. ऑक्सिजन आईकडून वारेतून येतो, म्हणून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. पहिलं रडू फुटतं, हवा आत जाते, ऑक्सिजनची चाहूल लागते आणि त्या उघडतात. मोठेपणी त्या आणखी शहाण्या होतात. जिथं हवा कमी, तिथल्याच आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. तुझ्या बाळाच्या अजून उघडल्याच नाहीत. ऑक्सिजन आत जातोय, पण रक्त फुप्फुसांना टाळून जातंय. त्यात बाळ स्पर्शानं, आवाजानं दचकलं की त्या जास्तच मिटतात.

"मंग नाही लावत," म्हणाली आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

त्यानंतर ती यायची, बाळापासून हातभर लांब बसायची. नवरा प्रकाश बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला, मशीनच्या आवाजात मोठ्यानं बोलायची सवय. त्याला तीच दटावायची, "हळू बोला ना जी! शिरा मिटतीन त्याच्या."

वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू दिला. औषधं दिली. आकडा थोडा चढायचा, आम्हाला आशा लावायचा, पुन्हा उतरायचा. शेवटी त्या एवढ्याशा जिवाचं हृदयच थकलं. मी दोघांना बोलावून सरळ सांगितलं, "आता आमच्या हातात काही राहिलं नाही. वैशाली, बाळाला मांडीवर घे."

ती जागची हलली नाही.

"नको मॅडम. शिरा मिटतीन."

"आता चालतं गं," मी म्हणाले.

सिस्टरनं नळ्या सांभाळत बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तरी हिचे हात आपले काखेतच. प्रकाशनं तिचा एक हात हळूच सोडवला आणि बाळाच्या डोक्यावर ठेवला. "लाव वं," तो अगदी हळू म्हणाला. मग तिनं बाळाला छातीशी धरलं, आणि ते गेलं तरी बराच वेळ सोडलं नाही. मी तिथंच उभी राहून रडले.

नियम आजही तोच आहे, आणि बरोबरच आहे. फक्त सांगताना आता मी आवाज खाली ठेवते. आया आपलं फार मनापासून ऐकतात.