केबिनमधला दुसरा चहा

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी प्लॅनिंग बघते, तिथं दर सोमवारी साडेनऊला मीटिंग असते. मालक, प्रॉडक्शनचे साहेब, क्वालिटीचे, खरेदीचे आणि मी. शेवटी मालक विचारायचे, "ठरलं ना?" आम्ही सगळे "ठरलं" म्हणायचो. मग जो तो एकेकटा त्यांच्या केबिनमध्ये दुसऱ्या चहाला जायचा आणि खरं बोलणं तिथं व्हायचं. चारचौघांत कुणाचं खोडून काढायचं नाही, ही आमची रीत. आम्ही तिला अदब समजत होतो.

त्या सोमवारी एका लॉटचा रंग नीट वाळला नव्हता. "तपासून पाठवू" असं ठरलं. दुसऱ्या चहानंतर क्वालिटीचे मला म्हणाले, "दोन दिवस थांबवायचंय." प्रॉडक्शनचे म्हणाले, "आजच पाठवायचंय." मालकांनी दोघांनाही "बघा तुम्ही" म्हटलं होतं. माझ्या वहीत दोन्ही निरोप एकाखाली एक आहेत. ट्रक मी आधीच सांगून ठेवला होता. तो मी रद्द केला नाही. दोन्ही ओळींपुढं खूण केली आणि पुढच्या कामाला लागले.

गिऱ्हाइकाकडून माल परत आला. रंग नखानं निघत होता.

पुढच्या सोमवारी मालकांनी रंगखात्याच्या सुपरवायझरना मीटिंगमध्ये बोलावलं. सोयगावकडचा माणूस, कारखाना सुरू झाल्यापासूनचा. टेबलावर त्यांच्या नावाचा राजीनामा टाइप करून ठेवला होता. फक्त सही राहिली होती.

"कुणाला विचारून भरला माल?" मालकांनी विचारलं.

"दोघांनी दोन सांगितलं, साहेब. गाडी दाराशी उभी व्हती. म्हणलं, गाडी आली म्हंजी पाठवायचंच ठरलं."

"मी थांबवा म्हणालो होतो," क्वालिटीचे म्हणाले.

"व्हय. अन् ह्ये साहेब भरा म्हणले. म्या एकटा किती जणांचं ऐकू?"

प्रॉडक्शनचे खिडकीबाहेर बघत राहिले. सुपरवायझरनी सहीसाठी खिशातून पेन काढलं.

मी वही उघडून दोन्ही ओळी वाचल्या. "गाडी मी मागवली होती. दोन्ही निरोप माझ्याकडं होते, आणि मी कुणालाच विचारलं नाही."

"हे मला आज सांगताय, मॅडम?" मालक म्हणाले.

"साहेब, आपणही दोघांना बघा म्हणालात," खरेदीचे हळूच म्हणाले. मालकांना चारचौघांत असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मालकांनी राजीनाम्याचा कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही.

सुपरवायझर जागचे हलले नाहीत. "दुसरा लॉट वाळत पडलाय. त्याचं काय करायचं?"

"संध्याकाळी भरा," प्रॉडक्शनचे म्हणाले.

"उद्या दुपारच्या आधी नाही," क्वालिटीचे म्हणाले.

"तुमचं व्हऊ द्या," म्हणत सुपरवायझरनी खुर्ची ओढली. "एक काय ते ठरलं की मंग उठतो."

त्या दिवशी आम्ही बारा वाजेपर्यंत भांडलो, त्यांच्या समोर.