गंगारामाचा उजवा हात

तर काल इथवर आलो होतो, की गंगाराम मयेकर दगडी गडग्याच्या पलीकडे आणि मोटारसायकल गडग्याच्या अलीकडे. गाडी आडवी पडून धडधडत होती, मागचं चाक गरागरा फिरत होतं आणि कातळसड्यावरच्या म्हशी चरायचं सोडून बघत होत्या. गंगाराम उठला. कोपराला रक्त, डोक्यात गवत, पण तोंड शाबूत. म्हणाला, "गाडी उलटी बनवलेली आहे."

काल जे अर्ध्यातून उठून गेले त्यांच्यासाठी सांगतो, की गंगाराम हा बढायांचा घाऊक व्यापारी. लग्नाआधी तो हमरस्त्याच्या कामावर एका कंत्राटदाराकडे होता. कंत्राटदाराची बुलेट त्याला धुवायला मिळायची आणि धुतल्यावर वाळवायची म्हणून तो ती पालीपर्यंत फिरवून आणायचा. एवढंच. पुढे बोटीवर गेला, बारा-चौदा वर्षं समुद्रात काढली, आणि दर रजेला घरी आला की ती बुलेट जरा जरा लांब जायला लागली. एका रजेला ती कोल्हापूरला पोचली, पुढच्या रजेला आंबा घाट हात सोडून उतरली. बोटीवर हा इंजिनखोलीत चिंध्यांनी तेल पुसत होता, पण ऐकणाऱ्याला वाटावं, कप्तान यालाच विचारून बोट वळवायचा.

चौऱ्यांशी साली पावसाळा सरल्यावर तो घरी आला तेव्हा दारात त्याची लेक मैना उभी होती. शाळेत जाणारी पोर. तिने बापाकडे बघितलं, "बसा हां, आईला बोलावते," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पाहुण्याला ठेवतात तसा. त्या दिवशी गंगारामाने एकही बढाई मारली नाही. वाडीत लोकांना वाटलं, ताप भरला असणार. दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला, "सगुणे, आता बोट बंद. इथंच काम बघतो."

सगुणा म्हणाली, "इथं काम करायचं तर काम यायला लागतं."

काम एकच होतं. हातखंब्याला काशीराम शेठचं आंब्याच्या औषधांचं दुकान. मोहोर यायच्या आत राजापूरपर्यंतच्या बागा फिरून तुडतुड्या किडीवरचं औषध खपवायला शेठला मोटारसायकलवाला माणूस पाहिजे होता. गाडी शेठचीच, राजदूत. हा शेठ म्हणजे असा, की दुसऱ्याने चहा मागवल्याशिवाय त्याला तल्लफ येत नसे. त्याने गंगारामाची कोल्हापूरची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "बरं. पण मधे बरीच वर्षं गेली. शिवा गोताडाकडे उजळणी कर. मग मी स्वतः मागे बसून राजापूरला जाऊन येणार. जमलं तर काम तुझं, नाहीतर बोट आहेच."

शिवा गोताड हा दुसरा नग. पोलिसात असताना साहेबाच्या जीपपुढे मोटारसायकल पळवायचा. पेन्शनीत आला तरी शिट्टी गळ्यात, आणि कोंबड्या हाकायलाही तीच वाजवायची. गंगाराम सड्यावर आल्या आल्या शिवाने शिट्टी मारली.

"बस. गाडीवर नाय, त्या दगडावर. आधी ऐकायचं."

गंगाराम दगडावर टेकला. मनात म्हणाला, ज्याने रॉटरडॅमचं बंदर बघितलंन, त्याने आता ह्या कोंबडीवाल्यापुढे दगडावर बसायचं. त्याने एक अक्षर ऐकलं नाही. ऐकलं असतं तर कळलं असतं, की त्याच्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाशी होता आणि गियर उजव्या, तर राजदूतचं बरोब्बर उलट. म्हणून गडगा समोर आला तेव्हा त्याने जिवाच्या आकांताने डावा पाय दाबला. ब्रेक लागायच्या ऐवजी गियर पडला, आणि पुढचं तुम्ही काल ऐकलंच आहे.

गाडी उलटी बनवली आहे म्हटल्यावर शिवा शांतपणे म्हणाला, "गाडी सुलटी हाय. पाय तुझे उलटे. भुताचे असतात तसे."

असे दोघे रोज सड्यावर एकमेकांचा उद्धार करत होते. गंगारामाच्या मते शिवाला शिट्टीपलीकडे काही येत नव्हतं, आणि शिवाच्या मते गंगारामाला शिट्टीही आली नसती. हळूहळू पाय सुलटे झाले. मग त्याला रस्त्यावर काढला, आणि तिथे हाताने घात केला.

आपल्याकडे रस्त्याला देवाची घुमटी दिसली की हात कपाळाला जातो. एस्टीत झोपलेला माणूसही डोळे न उघडता हात लावून पुन्हा घोरायला लागतो. मागे बसणाऱ्याचं ठीक आहे. पण राजदूत चालवणाऱ्याच्या उजव्या हातात वेगाची मूठ. त्या जुन्या बुलेटची मूठ ढिली होती, पिळली की तिथेच राहायची, म्हणून पालीपर्यंतचे सगळे देव गंगारामाला फुकटात झाले होते. इथे हात कपाळाला गेला की मूठ मागे फिरे, गाडी चढावरच बंद पडे आणि उलटी घरंगळत मागून चालणाऱ्या शिवाच्या अंगावर येई.

"हात का सोडलास?"

"देव होता."

"देव कुठं पळतोय? पळतोयस तू. मान वाकव नुसती."

"मान सगळ्यांपुढेच वाकते. देवाला हात लागतो."

"मग डाव्याने कर."

"डाव्या हाताने देवाला? शिवा, तुझ्या घरात कोणी जाणतं माणूस नाही वाटतं."

"हाय. त्याने मला तुझ्यासारखं चढावरनं पाडलेलं नाय."

शेवटी शिवाला एक अक्कल सुचली. पोलिसातली अक्कल, म्हणजे बांधून टाकायचं. त्याने सुंभाने गंगारामाचं मनगट मुठीला आवळलं आणि स्वतः मागे बसला. पुढच्या घुमटीशी हात वर गेला तो हँडलसकट, आणि दोघेही करवंदीच्या जाळीत गेले. शिवा पुढे होऊन सुंभ सोडवायच्या आधी जाळीतली शिट्टी शोधत होता.

त्या संध्याकाळी सगुणा ओटीवर बसून नवऱ्याच्या पाठीतले काटे काढत होती आणि गंगाराम तिला देवभक्ती समजावून सांगत होता. तिने एक काटा मुद्दाम खोलवरून काढला.

"अहो, बोटीवर इंजिनात हात घालून उभे असायचात, तेव्हा कुठच्या देवाला हात करत होतात?"

"तिथं हात काढला तर हातच राहत नाही."

"मग हिकडं मैनेच्या बापाशिवाय काय जाणाराय, म्हणून काढता होय?"

  दुसऱ्या दिवसापासून घुमटी आली की मान लवायची आणि हात जागचा हलायचा नाही. शिवा गावभर सांगत सुटला की सुंभाचा गुण.

मग शेठचा दिवस आला. शेठ धोतर खोचून मागे बसला आणि गंगारामाच्या कमरेला बुडणाऱ्यासारखी मिठी मारली. जाताना सगळं सुरळीत. येताना एका चढावर, ऐन वळणाच्या तोंडाशी घुमटी, आणि नेमकी वरून एस्टी उतरतेय. गंगारामाने मान लववली, मूठ पिळून धरली. तेवढ्यात कमरेची मिठी सुटली. शेठने दोन्ही हात जोडले होते, डोळे मिटले होते आणि ओठ पुटपुटत होते. मागचं ओझं एका अंगाला कललं, गाडी एस्टीकडे झुकली. गंगारामाने दात आवळून ती सावरली, एस्टीला बाजू दिली आणि चढ पार केला. मागे शेठ अजून पुटपुटतच होता.

हातखंब्याला शेठ उतरला. शिवा हजर, चहाच्या टपरीवरचे पाच-सहा रिकामटेकडे हजर. शेठ धोतर झाडत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी बरी चालवतोस. पण चढावर देव आला, तरी तुझा हात हलला नाही. मी मागे बसून सगळं बघत होतो. देवाला हात न करणारा माणूस मला दुकानात नको. तू आपला बोटीवर जा."

आता हा नमस्कार आपणच सोडवला म्हणून गावभर सांगणारा शिवा दोन हात अंतरावर उभा होता. तो काही बोलेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही शिवाला ओळखलंच नाही. तो शिट्टीचा दोरा नीट करायला लागला.

गंगाराम गाडीवरून उतरला. टपरीवाल्यांनी पाठ टेकून बसकण मारली, आता कोल्हापूर येणार, आंबा घाट येणार. पण जन्मात पहिल्यांदा तो जेवढं घडलं तेवढंच बोलला, आणि त्या बोलण्यावर टपरी अशी हसली की शेठला गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. तो म्हणाला,

"शेठ, तुम्ही दोन्ही हात जोडलेत आणि डोळेपण मिटलेत. मागं एवढा नमस्कार चालला होता, म्हणून पुढं कुणीतरी मूठ धरायला हवी होती. मी पण हात केला असता तर दोघं एव्हाना देवाच्याच घरी पोचलो असतो, आणि तिथनं तुमची गाडी परत आणायला कोण नसतं."